'नाही'चं बटण कुठे गेलं?

पत्र:

"ताई, मी घरून भाषांतराची कामं करते, अकरा वर्षं झाली, लॅपटॉप म्हणजे माझं ऑफिसच. मागच्या महिन्यात रात्रीत अपडेट झालं आणि सकाळी बघते तर खालची बटणं डावीकडून उठून मधे आलेली, राइट क्लिक केलं की निम्मे पर्याय गायब, डेस्कटॉपवरच्या फोल्डरांना ढगाचं चित्र चिकटलेलं. दोन दिवसांनी मेल, तुमची ऑनलाइन जागा भरली, पैसे भरून वाढवा. मी म्हटलं मी मागितलीच कुठे होती जागा, म्हणून ते बंद केलं तर डेस्कटॉप रिकामा! अकरा वर्षांची कामं. वीस मिनिटं हातपाय गार पडले होते, मग सापडल्या फायली, भलत्याच एका फोल्डरात. आता सारखी एक खिडकी येते, 'सेटअप पूर्ण करूया', खाली दोनच बटणं, 'पुढे चला' आणि 'तीन दिवसांनी आठवण करा'. नको म्हणायची सोयच नाही. मुलगा म्हणतो, आई कर ना ओके, तुझ्या डेटाचं कोण काय लोणचं घालणार आहे. दीर म्हणतात सगळं पुसून लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम टाका, त्यांनी तीन सॉफ्टवेअरही पाठवलीत, 'हेरगिरी बंद करणारी'. मला खरं सांगा, माझं वय होतंय म्हणून हे जमत नाहीये, का हे लोक मुद्दाम करतात?"

– 'नाही' शोधणारी

अहो ताई, मुद्दाम करतात.

हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल. वयाचा काडीचा संबंध नाही, मला पंचविशीतल्या मुलांची पण अशीच पत्रं येतात, फक्त ती 'वय होतंय' च्या ऐवजी 'मीच कुठेतरी काहीतरी दाबलं असेन' असं लिहितात. कंपनीचं नाव तुम्ही लिहिलं होतं ते मी गाळलंय, कारण थोड्याफार फरकाने सगळ्यांचीच ही तऱ्हा आहे.

आता 'नाही' कसं गायब होतं ते सांगते. लोकांना वाटतं कोणीतरी खलनायक मिशीला पीळ देत बसलाय आणि म्हणतोय काढा रे ते बटण. तसं नसतं हो. मला माहितीये कारण मी स्वतः काही वर्षं हेच काम केलंय, एका कंपनीत स्क्रीनवरची वाक्यं लिहायचे, बटणावर काय लिहायचं तेसुद्धा. होतं असं, की एका टीमला तिमाहीचं टार्गेट असतं, समजा की इतक्या लोकांनी ऑनलाइन साठवण चालू केली पाहिजे. मग एकाच खिडकीच्या दोन आवृत्त्या बनवतात, काही लोकांना 'नको' बटण असलेली दाखवायची, काहींना 'नंतर' असलेली, आणि बघायचं कुठे जास्त लोक हो म्हणतात. आता 'नंतर' म्हणणाऱ्याला परत विचारता येतं, परत विचारलं की दहातले एकदोन कंटाळून हो म्हणतात, म्हणजे 'नंतर' जिंकणारच, यात शास्त्र काही नाही, चिवटपणा आहे. जिंकलेली आवृत्ती सगळ्यांना जाते. त्या तक्त्यात किती लोकांनी हो म्हटलं याचा रकाना असतो, किती जणांनी शिव्या घातल्या याचा नसतो. आमच्याकडे पहिल्यांदा 'नको, धन्यवाद' होतं, मग 'आत्ता नको' झालं, मग 'नंतर'. तो शेवटचा शब्द मी टाइप केलाय. मीटिंग दहा मिनिटांत संपली होती, कोणाला काही वाईट केल्यासारखं वाटलं नव्हतं, मलाही नाही, तेव्हा.

या सगळ्या प्रकाराला डार्क पॅटर्न म्हणतात, हॅरी ब्रिग्नल नावाच्या ब्रिटिश डिझायनरने २०१० मधे हे नाव काढलं. नाव नवीन, खोड जुनी. आणि कधीकधी ते इतक्या थराला जातं की हसावं का रडावं कळत नाही. २०१६ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १० घ्या' म्हणणारी खिडकी अशी केली की वर कोपऱ्यातला लाल एक्स दाबून ती बंद केली तरी अपग्रेड ठरलेल्या वेळेला होणार ते होणारच. म्हणजे बघा, इतकी वर्षं त्यांनीच सगळ्या जगाला शिकवलं की एक्स म्हणजे 'नको, जा', आणि मग त्याच एक्सचा अर्थ एका रात्रीत 'बरं, चालेल' असा करून टाकला. ओरड झाली, मग त्यांनी नकाराचा स्पष्ट पर्याय दिला, आणि वर्षाच्या शेवटी कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखांनी जाहीरपणे कबूलही केलं की तिथे आम्ही जरा जास्तच पुढे गेलो.

अ‍ॅमेझॉनचं तर अजून भारी आहे. प्राइम रद्द करायची जी वाट होती, पानामागून पान, तिला कंपनीत आतल्या आत 'इलियड' म्हणायचे, ट्रॉयच्या युद्धाचं ते लांबलचक ग्रीक महाकाव्य. मराठी माणसाने नाव ठेवलं असतं तर 'महाभारत' ठेवलं असतं. यावर २०२३ मधे फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने केस केली, आणि २०२५ च्या सप्टेंबरमधे २.५ अब्ज डॉलर भरून ती मिटली. तेव्हा तुमचा मुलगा म्हणाला की आई तू उगाच संशय घेतेस, तर त्याला म्हणावं यांनी स्वतःच नाव ठेवलं होतं बाबा.

पण (इथे मी थोडी तुमच्या विरुद्ध बोलणारे) सगळं एकाच पिशवीत घालू नका. खालची बटणं मधे आली, राइट क्लिकचा मेनू बदलला, हे वैताग आणणारं आहे पण त्यात तुमचं काही चोरीला गेलेलं नाही. हाताला अकरा वर्षांची सवय, ती मोडली की राग येतो, येणारच. काही वेळा लोक चुकीचे असतात, २००६ च्या सप्टेंबरमधे फेसबुकने न्यूज फीड, म्हणजे मित्रांच्या घडामोडींची ती सरकती यादी, आणलं तेव्हा लाखो लोकांनी निषेध केला होता, आणि आज फीडशिवाय फेसबुक म्हणजे काय हे कोणाला आठवतही नसेल. त्यातून सगळ्या कंपन्यांनी एक धडा गिरवला की लोक ओरडतात आणि गप्प होतात, आपण थांबायचं नाही. काही वेळा लोक बरोबर असतात, २०१२ मधे विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढलं आणि पुढच्याच वर्षी ८.१ मधे ते गुपचूप परत बसवावं लागलं. बटणाची जागा ही आवडीनिवडीची भांडणं, ती करा, पण त्यात जीव जाळू नका. आठवडाभरात हात शिकतो.

ढगाचं चित्र मात्र वेगळं. तिथे तुमची वस्तू तुम्हाला न विचारता दुसऱ्याच्या घरी, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरवर, ठेवली गेली. हा राग जपून ठेवा, याचं काम आहे पुढे.

तुमच्या मुलाचं काय ते आधी. 'तुझ्या डेटाचं कोण काय लोणचं घालणार' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दरवेळी माझं उत्तर वेगळं असतं, पण तुमच्या बाबतीत ते फारच सोपं आहे. तुमच्या लॅपटॉपवर जे आहे ते तुमचं आहेच कुठे? करारपत्रं असतील, कोणाचे वैद्यकीय रिपोर्ट, कोर्टाचे कागद, न छापलेलं पुस्तक, लोकांनी तुमच्या भरवशावर दिलेलं. बऱ्याच कामांआधी तुम्ही गुप्ततेच्या कागदावर सही पण केली असेल. तुम्हाला स्वतःला लपवायला काहीही नसू दे, तुमच्या गिऱ्हाइकांना असू शकतं, आणि त्यांच्या वतीने 'ओके' दाबायचा हक्क तुम्हालाही नाही आणि मुलाला तर नाहीच. फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट पण तशीच, एखादं अ‍ॅप ती मागतं आणि आपण देतो तेव्हा आपण दुसऱ्यांचे नंबर देतो.

आणि 'नावं काढून टाकतात, मग काय प्रॉब्लेम' असं तो म्हणाला तर त्याला एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीची गोष्ट सांगा. २००६ च्या ऑगस्टमधे एओएलने संशोधकांना उपयोग होईल म्हणून साधारण साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत काय काय सर्च केलं ते जाहीर केलं, नावं काढून, प्रत्येकाला नुसता एक नंबर देऊन. काही दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी ४४१७७४९ नंबरची बाई शोधून काढली आणि तिच्या घरी जाऊन बोलले. कसं शोधलं? तिने आपल्या गावातल्या गोष्टी शोधल्या होत्या, आपल्या आडनावाचे लोक शोधले होते, आपली दुखणी शोधली होती. बास. नाव लिहायची गरजच नव्हती, माणूस काय विचारतो त्यावरून तो कोण ते कळतं. (कंपनीच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याला राजीनामा द्यावा लागला, पण डेटा एकदा बाहेर गेला तो गेला, अजून फिरतोय.)

अजून एक, हे मला स्वतःला फार लागलं होतं. अकाउंट सुरक्षित राहावं म्हणून ट्विटर फोन नंबर मागायचं, लोकांनी दिला, आणि तोच नंबर जाहिराती कोणाला दाखवायच्या ते ठरवायला वापरला गेला. २०२२ मधे त्याबद्दल त्यांना १५ कोटी डॉलर दंड झाला. फेसबुकनेही हेच केलं होतं. यात वाईट हे की माणूस पुढच्या वेळी सुरक्षेसाठीसुद्धा नंबर द्यायला कचरतो, म्हणजे ज्याने शहाणपणा केला त्यालाच शिक्षा.

हां, पण मुलगा पूर्ण चुकीचा आहे असंही नाही, म्हणजे जाणारी प्रत्येक गोष्ट हेरगिरी नसते. प्रोग्रॅम क्रॅश झाला की कंपनीकडे रिपोर्ट जातो, कुठल्या आवृत्तीत, कुठल्या ओळीवर पडला, किती मेमरी होती, हे गेलं नाही तर ते दुरुस्त कसं करणार. मी त्या कंपनीत असताना असे रिपोर्ट बघितलेत, निव्वळ आकड्यांचा ढीग असतो, कोणाला त्यात रस नसतो. फक्त एक मेख आहे. सविस्तर रिपोर्टमधे कधीकधी त्या क्षणाला मेमरीत जे होतं त्याचा तुकडा पण जातो, आणि मेमरीत काय असतं, तर तुम्ही उघडलेली फाईल. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या माहितीपत्रात हे लिहून ठेवलेलं आहे की चुकून असं होऊ शकतं. म्हणून 'आवश्यक' आणि 'ऐच्छिक' असे दोन प्रकार दिसले की आवश्यक राहू द्यायचं, ऐच्छिक बंद. तुमच्या कामात तर नक्कीच बंद.

आता दीर. त्यांना नाडी बरोबर सापडलीये पण औषध भलतंच. ती तीन सॉफ्टवेअर टाकू नका. अशी बरीचशी सॉफ्टवेअर आंधळेपणाने सेवा बंद करत सुटतात, मग सुरक्षेची अपडेट्स येईनाशी होतात आणि सहा महिन्यांनी प्रिंटर का चालत नाही ते कोणालाच कळत नाही. शिवाय हेर पकडायला आणलेला माणूस कोण आहे ते कोणी विचारतच नाही! अवास्ट माहितीये ना, फुकट अँटीव्हायरस, करोडो लोकांनी टाकलेला, जाहिरात काय तर तुमचं ट्रॅकिंग थांबवतो. त्यांचीच एक उपकंपनी होती जंपशॉट, ती याच लोकांचं ब्राउझिंग विकत होती, कुठल्या साइटवर गेले, कधी गेले. २०२० मधे बोभाटा झाल्यावर ती बंद केली आणि २०२४ मधे १.६५ कोटी डॉलर भरले. तेव्हा दीरांना चहा पाजा आणि सांगा की भाऊजी, एक एक स्विच मी माझ्या हाताने बंद करीन.

लिनक्स वाईट नाही, मी वापरते. पण तुमची भाषांतराची सॉफ्टवेअर, ती जुनी शब्दसंग्रहांची फाईल, गिऱ्हाईक पाठवतात ती फॉरमॅटं, हे सगळं तिथे चालेल का ते न बघता उडी मारली तर कामाच्या मधोमध अडकाल. पेनड्राइव्हवर टाकून लॅपटॉपला हात न लावता चालवून बघता येतं, एखाद्या मोकळ्या रविवारी बघा, आवडलं तर पुढचं पुढे. रागाच्या भरात ऑपरेटिंग सिस्टीम बदलू नये, एवढं मी अनुभवाने सांगते, तो अनुभव इथे सांगत नाही.

तर करायचं काय. सगळ्यात आधी कशालाही हात न लावता एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि सगळं काम त्यावर कॉपी करा. हे आधी, बाकी नंतर, आणि इथे एक गंमत आहे ती नीट वाचा. ढगाचं नुसतं चित्र असलेली फाईल तुमच्या लॅपटॉपवर असतेच असं नाही. नाव दिसतं, आयकॉन दिसतो, फाईल किती मोठी ते पण दिसतं, पण आत काही नसतं, खरी फाईल तिकडे सर्व्हरवर, उघडली की खाली उतरते. म्हणून आधी इंटरनेट चालू ठेवून त्या फोल्डरवर राइट क्लिक करा (हो, तोच बदललेला मेनू) आणि 'या उपकरणावर कायम ठेवा' असा जो पर्याय असेल तो द्या, ढगाच्या जागी हिरवी खूण येईपर्यंत थांबा, खूप फायली असतील तर रात्रभर लागेल, लागू दे. मग कॉपी. मग डिस्कवरच्या पाचसहा फायली, जुन्यातल्या जुन्या, उघडून बघा. लोक कॉपी करतात आणि उघडून बघत नाहीत.

आणि तोपर्यंत ऑनलाइन बाजूने काहीही डिलीट करू नका. जागा भरली म्हणून मेल आला की माणूस पहिलं काय करतो, तिकडच्या फायली उडवतो, आणि इकडच्या पण उडतात. कारण ते बॅकअप नाहीच आहे हो, ते सिंक आहे, आरशासारखं, इकडे पुसलं की तिकडे पुसलं. कंपन्या त्याला बिनदिक्कत 'बॅकअप' म्हणतात, यावर तर मी वेगळं सदर लिहू शकते. काही दिवस कचरापेटीत राहतं, पण त्या भरवशावर राहू नका. तुमचा डेस्कटॉप रिकामा झाला तो मात्र असा, तुमचं डेस्कटॉप नावाचं फोल्डरच उचलून त्यांच्या फोल्डरच्या पोटात ठेवलं होतं, तुम्ही सिंक बंद केलं तेव्हा जुन्या जागी नवं कोरं रिकामं डेस्कटॉप तयार झालं, आणि काम राहिलं तिकडे. तुम्ही काही तोडलं नव्हतं. कॉपी हातात आली की मग सिंकच्या सेटिंगमधे जाऊन डेस्कटॉप, डॉक्युमेंट, फोटो या तिन्हीवरचं ते टिक काढा, फायली परत आपल्या जागी आणून ठेवा, आणि मग खुशाल अकाउंट लॅपटॉपपासून तोडा.

परवानग्यांचं पान त्यामानाने सोपं आहे. लोकेशन, माइक, कॅमेरा, कॉन्टॅक्ट, प्रत्येकात कुठली अ‍ॅप्स आहेत ते बघत जायचं आणि स्वतःला विचारायचं, याला हे कशाला. जाहिरातींसाठी जो ओळख नंबर असतो तो बंद करायचा. लोकेशनच्या बाबतीत एकाच स्विचवर विसंबू नका एवढं सांगते, २०१८ मधे असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं की गुगलची लोकेशन हिस्टरी बंद केली तरी 'वेब आणि अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' नावाच्या दुसऱ्याच स्विचखाली तुम्ही कुठे होतात ते साठत होतं. नावात लोकेशन हा शब्दच नाही, कोण जाऊन बघणार? २०२२ मधे अमेरिकेतल्या ४० राज्यांनी मिळून त्याचे ३९.१५ कोटी डॉलर वसूल केले. त्या पानावर जुनं आपोआप पुसायची सोय आहे, तीन महिन्यांवर ठेवा. आणि गुगलच्या क्रोममधली इनकॉग्निटो खिडकी ही घरातल्या माणसांपासून लपवायला आहे, साइट्सपासून नाही, हे गुगललाही कोर्टकचेरी झाल्यावर २०२४ मधे त्या पानावर जास्त स्पष्ट लिहावं लागलं.

साइट उघडली की कुकीची (साइट आपल्या ब्राउझरमधे ठेवते ती ओळखीची चिठ्ठी) परवानगी मागणारे जे डबे येतात त्यांचं काय करायचं, तर ब्राउझरमधे जाहिराती अडवणारा एक चांगला अ‍ॅडब्लॉकर टाका आणि सोडून द्या. मी एकदा हट्टाने बसले होते. एका साइटवर 'सगळं मान्य' एक क्लिक होतं आणि 'पर्याय बघा' मधे गेलं तर भागीदारांची यादी, शेकड्यांनी, प्रत्येकापुढे 'कायदेशीर हितसंबंध' म्हणून आधीच चालू केलेला स्विच. एक एक बंद करत चाळिसाव्यापर्यंत पोचले आणि बोट घसरून 'सगळं मान्य' वर पडलं, ते रंगीत आणि मोठं होतं ना, त्याच्याच शेजारी. रडू यायचं बाकी होतं. फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने २०२२ च्या जानेवारीत गुगलला १५ कोटी युरो आणि फेसबुकला ६ कोटी युरो दंड जाहीर केला तो बरोबर याच गोष्टीसाठी, हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला बरेच. युरोपात त्यानंतर त्यांनी नकाराचं बटण शेजारी आणून ठेवलं. म्हणजे बनवता येत होतं की!

हे सगळं वाचून वाटेल की इतके स्विच मीच का बंद करायचे, त्यांनी आधीच बंद ठेवून विचारावं ना. अगदी. भांडण तेच आहे खरं. आधीपासून जे लावून दिलेलं असतं ते बहुतेक लोक कधीच बदलत नाहीत, आणि याची किंमत कंपन्यांना अगदी पैशात माहिती आहे, आयफोनच्या सफारीत आपलं सर्च आधीपासून लावलेलं असावं म्हणून गुगलने अ‍ॅपलला एकट्या २०२२ मधे २० अब्ज डॉलर दिले, कोर्टाच्या कागदात आलंय ते. बदलायला दोन मिनिटं लागतात अशा एका सेटिंगसाठी. तेव्हा 'तुम्ही कधीही बंद करू शकता' असं कोणी म्हणालं की मला हे २० अब्ज आठवतात.

म्हणून मघाशी म्हटलं तो राग जपून ठेवा, आणि फीडबॅकच्या खिडकीत लिहा, स्टार द्यायला सांगतात तिथे लिहा, मराठीत लिहा हवं तर. उपयोग होतो, कमी वेळा होतो पण होतो. २० मे २०२४ ला मायक्रोसॉफ्टने रीकॉल जाहीर केलं, दर काही सेकंदांनी तुमच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवणार, का तर नंतर शोधता यावं. सुरक्षेवाल्यांनी तपासलं तर सगळा मजकूर साध्या डेटाबेसमधे, लॅपटॉपमधे घुसलेल्या कुठल्याही व्हायरसला उचलता येईल असा. इतका गदारोळ झाला की ७ जूनला, म्हणजे तीन आठवडेसुद्धा झाले नव्हते, त्यांना सांगावं लागलं की हे आधीपासून बंद असेल, ज्याला हवं त्याने चालू करावं, आणि मग ते पुढे ढकललं ते शेवटी २०२५ मधे आलं, जास्त बंदोबस्तासह. तुमच्यासारख्या, दुसऱ्यांचे कागद स्क्रीनवर उघडून बसणाऱ्या माणसासाठी हा फरक किती मोठा आहे ते मी सांगायला नको.

मुलाला भाषण देऊ नका. त्याला लॅपटॉपसमोर बसवा आणि म्हणा, ती खिडकी कायमची घालवून दे, मी घड्याळ लावते. माझा अंदाज आहे सात-आठ मिनिटांनी तो तुमच्यापेक्षा जास्त चिडलेला असेल.

नाहीच सापडलं तर सांगते. सेटिंगमधे 'सूचना' चं पान उघडा, तिथे अ‍ॅप्सची लांबलचक यादी येईल, ती सोडून अगदी तळाशी जा, तिथे 'अधिक सेटिंग्ज' असा एक मिटलेला कप्पा आहे, तो उघडला की दोनतीन टिक दिसतील, त्यातलं एक 'सेटअप पूर्ण करण्यासाठी सुचवा' अशा अर्थाचं आहे. ते काढा, बाकीचीही काढलीत तरी काही बिघडत नाही. मग एकदा रीस्टार्ट करून तिथेच परत जाऊन बघा टिक निघालेलंच आहे ना, आणि पुढचं मोठं अपडेट आलं की परत बघा.